नोकरी सांभाळून फ्री व्हायब्रेशन शिकताना

मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेल्या बऱ्याच जणांनी व्हायब्रेशनचा चॅप्टर ऑप्शनला टाकलेला असतो. मीही टाकला होता. पुढे रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला लागले. पंप, ब्लोअर, गिअरबॉक्स हे रोजचंच. मशीन जास्त थरथरतंय असं वाटलं की बेअरिंगवर हात ठेवून बघायचं, आणि हाताला पटलं नाही तर बाहेरची एजन्सी बोलवायची. ते रीडिंग घेऊन जाडजूड रिपोर्ट पाठवणार, आपण शेवटच्या पानावरची शिफारस तेवढी वाचणार. डिसेंबर २०२४ मध्ये आमचे मॅनेजर म्हणाले की हे काम हळूहळू आपल्याकडेच घ्यायचं आहे, कुणीतरी शिकून घ्या. मीटिंगमध्ये सगळे वहीत बघत बसले. आठवड्याभराने माझं नाव यादीत लागलं होतं.

गणित सुटून वर्षं झालेल्या, दिवसाचे दहा-अकरा तास नोकरी आणि लोकलमध्ये घालवणाऱ्या कुणाला असंच काही शिकायचं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी क्लासची चौकशी केली. नौपाड्यात इंजिनिअरिंगच्या केटीचे, म्हणजे राहिलेल्या विषयांचे, क्लास चालतात. एकाने एका विषयाचे सहा हजार सांगितले, बॅच दुपारी दोनची. कॉलेजच्या पोरांसाठी ते ठीक आहे, मला दुपारी दोनला कोण सोडणार? शेवटी एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा, व्हायब्रेशनवरचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. नाव नोंदवायला आणि व्हिडिओ बघायला पैसे पडत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच एक हजार रुपये फी. दर आठवड्याला एक असाइनमेंट असते. बारांपैकी सर्वांत चांगल्या आठ धरतात. त्यांचं वजन २५ टक्के, परीक्षेचं ७५ टक्के. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात, दोन्हीकडे वेगवेगळे. असाइनमेंट बुधवारी रात्री बारापर्यंत भरायची असते. बुधवारी रात्री साइट संथ होते, म्हणून मंगळवारीच भरून मोकळं व्हावं.

परीक्षेचा फॉर्म फेब्रुवारीत भरला. लग्न झालेल्या बायकांनी इथे जरा थांबावं. माझा डिप्लोमा माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर. फॉर्मवर जे नाव लिहाल तेच सर्टिफिकेटवर छापून येतं, नंतर बदलून मिळत नाही, आणि परीक्षेच्या दिवशी मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. मी आधारवरचंच नाव लिहिलं. एचआरला विचारून ठेवलं होतं, ते म्हणाले की विवाह नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स लावली की चालेल. हे आधी विचारलेलं बरं, कारण फॉर्म भरायची मुदत फार नसते.

पुस्तक माटुंग्याला, किंग्ज सर्कलजवळ जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडून घेतलं. मागितले चारशे, दिले अडीचशे. आधीच्या मालकाने सोडवलेली गणितं समासात होती, त्याचा मला लेक्चरइतकाच उपयोग झाला. लेक्चर प्रवासात बघायची. कळव्याहून ठाणे, मग नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स हार्बर पकडून रबाळे. व्हिडिओ घरीच डाउनलोड करून ठेवत होते, नाहीतर नेमकं समीकरण फळ्यावर आलं की रेंज जाते. आणि एक सांगते, लोकलमध्ये बघितलेलं लेक्चर कळल्यासारखं वाटतं. कळलं की नाही हे रात्री वहीवर बसलं की समजतं.

पहिले दोन आठवडे गणितातच गेले. दुसऱ्या ऑर्डरचं डिफरन्शिअल इक्वेशन म्हटलं की पोटात गोळा येतो, पण फ्री व्हायब्रेशनपुरतं, म्हणजे एकदा ढकलून सोडल्यावर आपोआप होणाऱ्या हेलकाव्यांपुरतं, त्यात एवढंच आहे. स्प्रिंगला एक वस्तुमान लावलंय, ते एम. स्प्रिंगची ताठरता, म्हणजे स्टिफनेस, ती के. ते एक्स इतकं सरकवलं की स्प्रिंग के गुणिले एक्स इतक्या जोराने उलट ओढते. न्यूटनचा दुसरा नियम लावला की प्रवेग कायम सरकण्याच्या विरुद्ध दिशेने आणि सरकण्याच्या प्रमाणात येतो. असं वागणारं फलन म्हणजे साइन किंवा कोसाइन. त्याची कोनीय फ्रिक्वेन्सी, म्हणजे ओमेगा, निघतो के भागिले एमचं वर्गमूळ, रेडियन प्रति सेकंदात. त्याला दोन पायने भागलं की हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे. झालं. या उत्तरात तुम्ही कितीने ओढून सोडलं ते कुठेच येत नाही. हळू ओढा, जोरात ओढा, झटका द्या, त्याने हेलकाव्याचा आकार बदलतो, सेकंदाला होणारे हेलकावे तेवढेच राहतात. नॅचरल फ्रिक्वेन्सी ही त्या वस्तूची स्वतःची असते, मारणाऱ्याची नाही. मारणाऱ्याचं जे काही असतं ते सगळं इनिशियल कंडिशनच्या, म्हणजे सुरुवातीची जागा आणि वेग यांच्या, दोन स्थिरांकांत जाऊन बसतं.

माझी गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. स्प्रिंग उभी टांगली तर वजन खाली ओढतं, मग समीकरणात ते वजन, म्हणजे एम गुणिले गुरुत्वाचा जी, एमजी का नाही? पुस्तकात एका ओळीत लिहिलंय की तो पद कटतो. कसा कटतो ते वहीवर दोनदा मांडल्यावर उलगडलं. वजन टांगल्यावर स्प्रिंग आधीच थोडी ताणून थांबलेली असते, आणि त्या जागी के गुणिले तो ताण बरोबर एमजीइतका असतो. हेलकावे त्या थांबलेल्या जागेपासून मोजले की एमजी आणि तो सुरुवातीचा ताण एकमेकांना खाऊन टाकतात. मोजमाप कुठून सुरू करायचं एवढाच प्रश्न होता.

आणि यातूनच मला या सगळ्या विषयातली सर्वांत कामाची गोष्ट मिळाली. के गुणिले ताण बरोबर एमजी, म्हणजे के भागिले एम बरोबर जी भागिले ताण. मग स्प्रिंगची स्टिफनेस माहीत नसली, वस्तुमान माहीत नसलं, तरी चालतं. वजन ठेवल्यावर ती किती मिलिमीटर बसली तेवढं मोजायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.७६ ला (जी मिमीत धरून त्याचं वर्गमूळ भागिले दोन पाय) त्याने भागायचं. उत्तर थेट हर्ट्झमध्ये. आमच्या गच्चीवरच्या ब्लोअरखाली २५ मिमी डिफ्लेक्शनचे स्प्रिंग माउंट आहेत. २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे ३.१५ हर्ट्झ. ब्लोअर फिरतो १४४० आरपीएमने, म्हणजे २४ हर्ट्झने. माउंटची फ्रिक्वेन्सी त्याच्या इतकी खाली असली की थरथर स्लॅबपर्यंत फारशी पोचत नाही. माउंट असे मऊ का निवडतात, हे इतकी वर्षं त्यांना ग्रीस लावूनही मला ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये वाटायला लागलं की गणितं सुटतायत पण हाताला काही लागत नाहीये. मग जांभळी नाक्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून सी-क्लॅम्प आणला, १८० रुपयांचा, आणि ३०० मिमीची स्टीलची पट्टी. पट्टी घेताना जाडी व्हर्निअरने मोजा. बाजारात पातळ पट्ट्याही मिळतात, आणि सूत्रात जाडीचा घन येतो, त्यामुळे जाडीतला थोडासा फरकही उत्तराला कुठच्या कुठे नेतो. माझी पट्टी २५ मिमी रुंद, १ मिमी जाड. टेबलाच्या कडेला क्लॅम्प करून २५० मिमी बाहेर काढली आणि टोकाला दोन लोहचुंबक लावले, वर एक, खाली एक. दोन्हींचं वजन कंपनीतल्या काट्यावर ५० ग्रॅम भरलं होतं.

आधी हिशेब केला. क्रॉस सेक्शनचा आय, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध, आला २.०८ मिमीचा चौथा घात; स्टीलचा ई, म्हणजे लवचिकतेचा गुणांक, दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिमी. कॅन्टिलिव्हरची, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या पट्टीची, स्टिफनेस तीन ईआय भागिले लांबीचा घन, म्हणजे ८० न्यूटन प्रति मीटर. ५० ग्रॅम धरून उत्तर ६.३७ हर्ट्झ. पट्टीचं टोक चुंबक लावल्यावर सहा मिमीहून थोडं जास्त खाली आलं होतं. १५.७६ वाला हिशेब लावला तरी तेच उत्तर. मी खूश.

मग मोजलं. मागे मुलाच्या वहीतला आलेख कागद चिकटवला, फोन स्लो मोशनला, सेकंदाला २४० फ्रेम. पट्टी ओढून सोडली. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत वीस हेलकावे मोजले. मुलगा मोजत होता आणि मी लिहीत होते. ८६४ फ्रेम, म्हणजे ३.६ सेकंद, म्हणजे ५.५६ हर्ट्झ. हिशेबापेक्षा बराच कमी.

यातला मोठा भाग पट्टीच्या स्वतःच्या वजनाचा. पट्टीचा बाहेर आलेला तुकडा जवळपास ४९ ग्रॅमचा, चुंबकांइतकाच. पण तो सगळा सारखा हलत नाही. क्लॅम्पजवळचा भाग जवळजवळ स्थिर, टोक पूर्ण हलतं. लॉर्ड रॅले यांच्या ऊर्जा पद्धतीने हिशेब केला की १४० पैकी ३३ भाग टोकाला आहे असं धरायचं, म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम. कॉइल स्प्रिंगसाठी हाच भाग एक तृतीयांश येतो. साडेअकरा ग्रॅम मिळवल्यावर ५.७४ हर्ट्झ. उरलेला फरक कुठला? टेबल प्लायवुडचं. सूत्र म्हणतं की धरलेलं टोक जराही हलत नाही, पण प्लाय दबतो. क्लॅम्प स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याला लावला, मध्ये कागदाची घडी, आणि पुन्हा मोजलं. ५.६६. सासूबाई चहा टाकायला आल्या होत्या, त्यांनी हे बघितलं आणि काही न बोलता परत गेल्या.

मला विचाराल तर अख्ख्या कोर्सचा जीव या तीन आकड्यांत आहे. ६.३७, ५.७४, ५.६६. प्रत्येक वेळी बहुतेक फरक कुठून आला ते सांगता आलं. पुस्तकातल्या गणिताचं उत्तर मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळलं की आपण पुढे जातो. इथे जुळत नाही आणि म्हणूनच बसावं लागतं.

डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे विरवत नेणारा अडथळा, तोही त्याच पट्टीवर शिकले. टोक २० मिमी ओढून सोडलं, वीस हेलकाव्यांनी ते ८ मिमीवर आलं. दोन्हींच्या गुणोत्तराचा नॅचरल लॉग काढून वीसने भागला, की लॉगरिदमिक डिक्रिमेंट मिळतो, ०.०४६. त्याला दोन पायने भागलं की डॅम्पिंग रेशो झीटा, ०.००७ च्या आसपास. म्हणजे क्रिटिकलच्या, हेलकावा होऊच न देणाऱ्या कमीत कमी डॅम्पिंगच्या, एक टक्काही नाही. इतक्या डॅम्पिंगने फ्रिक्वेन्सी किती बदलते हे काढून बघितलं, तर तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत काही हललं नाही. इतकं कमी डॅम्पिंग फ्रिक्वेन्सी जवळजवळ बदलत नाही, हेलकावे किती वेळ चालतील ते ठरवतं. मग पट्टीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा डबल टेपने चिकटवला. आता पाच हेलकाव्यांतच निम्मं झालं. इथे एक सोपी युक्ती कामाला येते. किती हेलकाव्यांत निम्मं होतं ते मोजा आणि ०.११ ला त्या आकड्याने भागा. ०.११ भागिले पाच, ०.०२२. डॅम्पिंग कमी असेल तोवर हे चालतं, आणि आपल्या मशीनमध्ये ते बहुतेक कमीच असतं.

क्रिटिकल डॅम्पिंग मात्र पट्टीवर दिसत नाही. त्यासाठी लॅब हवी होती. एक मैत्रीण नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. ती म्हणाली ये, पण विभागप्रमुखांची परवानगी लागेल. त्यासाठी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र, त्यावर मॅनेजरची सही, सोबत माझ्या आयडीची प्रत. पत्र आधी ऑफिसात इनवर्ड करायचं, मग ते विभागात जाणार. दोन आठवडे लागले आणि शनिवारी सकाळचे दोन तास मिळाले. कुणाला असं जायचं असेल तर पत्रात कुठला प्रयोग बघायचाय ते नाव घालून लिहा, परवानगी लवकर निघते. नुसतं “लॅब पाहण्यासाठी” लिहिलं की फाइल फिरत राहते.

लॅबमधलं उपकरण असं: उभ्या शाफ्टला खाली जड चकती, चकतीखाली एक डबा तेलात बुडवलेला, आणि कागद गुंडाळलेल्या ड्रमवर सरकत उतरणारा पेन. चकती थोडी पिळून सोडायची. पेन कागदावर लहान लहान होत जाणाऱ्या लाटा काढतो. डबा तेलात अजून खाली सरकवला की लाटा कमी होतात. लॅब असिस्टंट दादांनी डबा जवळजवळ पूर्ण बुडवला आणि म्हणाले, “आता बघा मॅडम.” पेन एकदाच वळला, मधल्या रेषेच्या जराशी पलीकडे जाऊन परत आला आणि थांबला. “याच्याही पुढे नेलं तर?” मी विचारलं. “मग पलीकडे जाणारच नाही, पण यायला वेळ लावेल. तेल जाड हवं त्याला, हे पातळ झालंय.” कधीही मधली रेषा न ओलांडता सर्वांत लवकर घरी येणं, ते क्रिटिकल. त्याहून जास्त डॅम्पिंग घातलं की उलट उशीर होतो. दाराला क्लोजर लावतानाचा स्क्रू आपण नेमका याच्याच जवळपास आणत असतो.

त्या कागदाची एक पट्टी मी मागून आणली. लाटांची उंची पट्टीने मोजून झीटा काढणं, हे परीक्षेआधीचं माझं शेवटचं गणित.

परीक्षा एप्रिलमध्ये, रविवारी सकाळी नऊ ते बारा, केंद्र महापे भागात. आठला हजर राहायचं होतं. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, त्यामुळे आदल्या दिवशी वेळापत्रक बघून ठेवा. मी भानगडीत न पडता विटावा, ऐरोलीमार्गे रिक्षाने गेले. आत हॉल तिकीट आणि आधार, बाकी सगळं बाहेर. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो, माउसने बटणं दाबायची. त्यावर नॅचरल लॉग आणि वर्गमूळ कुठे आहे हे आधी घरी सराव करून ठेवलं तर वेळ वाचतो. कच्च्या कामाचा कागद ते देतात आणि परत घेतात. प्रश्न असाइनमेंटच्याच जातीचे. उत्तर रेडियन प्रति सेकंदात मागितलंय की हर्ट्झमध्ये, हे प्रत्येक प्रश्नात दोनदा वाचा. दोन्ही उत्तरं पर्यायांत ठेवलेली असतात.

निकालाची वाट बघत असतानाच मे महिन्यात कामाला लागले. आमच्या एका पंपाची बेअरिंग वारंवार जात होती. अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग झालं, फरक नाही. पंप बंद केला, बेस फ्रेमला फोन घट्ट चिकटवला, फोनमधल्या अ‍ॅपवर प्रवेग नोंदवायला लावला आणि फिटर काकांना रबरी हातोडीने फ्रेमला एक ठोका मारायला सांगितलं. काका म्हणाले, “एवढ्यासाठी पंप बंद केला?” आलेखावर विरत जाणारी लाट आली, अगदी लॅबमधल्या कागदासारखी. मोजली तर २६ हर्ट्झ. पंप १४४० आरपीएमचा, म्हणजे २४ हर्ट्झ. रोज चालू असताना पंप स्वतःच्या फ्रेमला तिच्याच तालाच्या जवळ हलवत होता. माझा फोन सेकंदाला सुमारे शंभर नोंदी घेतो, त्यामुळे पन्नास हर्ट्झच्या वर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. इथे चाललं. खात्रीसाठी एजन्सीच्या अ‍ॅक्सेलरोमीटरनेही मोजून घेतलं.

फ्रेम किती ताठ करायची हे वर्गमुळाने सांगितलं. फ्रिक्वेन्सी ३० च्या वर न्यायची, तर ३० भागिले २६ चा वर्ग, म्हणजे स्टिफनेस निदान एक तृतीयांशाने वाढवायला हवी. वजन फार वाढवून चालणार नाही, नाहीतर मिळवलेलं तिथेच जातं. काकांनी कोपऱ्यांना गसेट प्लेट वेल्ड केल्या आणि दोन्ही चॅनेलच्या मध्ये एक आडवा सपोर्ट टाकला. शटडाऊनमध्ये पुन्हा ठोका मारला. ३१ हर्ट्झ. पंप सुरू केल्यावर बेअरिंगवरची थरथर उतरली. बेअरिंग किती टिकते हे मात्र कळायला वेळ लागेल, त्यामुळे आत्ताच काही बोलत नाही.

जूनमध्ये निकाल लागला, ६८ टक्के. साठच्या वर असेल तर सर्टिफिकेटवर एलिट लिहून येतं. कागदी प्रत घरी येत नाही, पीडीएफ उतरवून घ्यायची. एचआरला ती आणि विवाह नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स दिली. तेव्हा कळलं की परीक्षेची फी कंपनी परत देते, फक्त फी भरल्याची पावती लागते आणि अर्ज निकालापासून महिन्याभरात करावा लागतो. पावती फॉर्म भरल्या दिवशीच ईमेलवर आलेली असते, ती शोधून ठेवा. माझा अर्ज गेलाय, पुढच्या पगारात जमा होतील म्हणतात.